अब्दुलचं पंक्चर आणि आपलं हसू

लातूरला मी बारावीला होतो तेव्हाची गोष्ट. नांदेडहून दरवर्षी शेकडो पोरं 'लातूर पॅटर्न'च्या मागे जातात, तसाच मीही गेलो होतो. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा आणि पहाटेपासून नीटची तयारी. त्या वर्षी स्नेहसंमेलनात एक नाटुकलं झालं. त्यात एक पात्र होतं, अब्दुल. जाळीची बनियन, चौकड्याची लुंगी, डोळ्यांत सुरमा, हातात हवा भरायचा पंप. स्टेजवर येऊन तो एवढंच म्हणाला, "कैकू रे मामू, पंक्चर निकालनेका क्या?" विनोद असा काहीच नव्हता. तरी सगळा हॉल हसून हसून लोळला. शेजारच्या मित्रानं माझ्या पाठीत थाप मारली, "काय मिया, तुझा चाचा का?"

मीही हसलो. जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

माझे अब्बा नांदेडला देगलूर नाक्याजवळ टायरचं काम करतात. म्हणजे पंक्चर काढतात. माझ्या क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, सगळं त्या पंपातूनच आलं. आणि मी लातूरच्या मित्रांना काय सांगितलं होतं? "आमचं ऑटोमोबाईलचं दुकान आहे."

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. स्टेजवरच्या पोराबद्दल कमी, माझ्याबद्दल जास्त.

दोन तयार उत्तरं

एखाद्या समाजाच्या, प्रांताच्या किंवा देशाच्या नावानं विनोद झाला आणि कुणाला लागला, की आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "मजाक होता रे, मनावर काय घेतोस!" दुसरं, "भावना दुखावल्या, गुन्हा नोंदवा!" पहिलं उत्तर हसणाऱ्यांचं, दुसरं दुखावलेल्यांचं. मला दोन्ही मान्य नाहीत.

विनोद किती पुढं गेला, हे मोजायची पट्टी कुणाकडंच नाही. एकाला जो विनोद हलका वाटतो तोच दुसऱ्याला जड जातो. म्हणून मी प्रश्न बदलतो. हॉलमधले दिवे लागल्यावर, सगळे घरी गेल्यावर, त्या विनोदाची किंमत कोण मोजतो? हे कळलं की बाकीचं बरंचसं कळतं.

पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची थट्टा केली. महाराष्ट्र अजून हसतो. (त्या यादीत आपला मराठवाडा नाही. थट्टा करण्याइतकीही आमची दखल नव्हती म्हणायची.) पण त्या थट्टेमुळं कुठल्या पुणेकराला घर भाड्यानं मिळालं नाही, असं झालेलं नाही. कुठल्या नागपूरकराची मुलाखतीत दांडी उडाली नाही. तिथं हसणारा आणि ज्याच्यावर हसतात तो, दोघं एकाच सतरंजीवर बसलेले आहेत.

आता दुसरं उदाहरण घ्या. हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हटला की वर्षानुवर्षं काय दाखवलं? हवालदार नाहीतर कामवाली बाई. मराठी माणसाला हे आवडत नाही, तो बोलून दाखवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. हवालदार असणं वाईट नाही, धुणीभांडी करणंही वाईट नाही. दुसरं काहीच असू न देणं वाईट आहे. तोच मराठी माणूस अब्दुलवर हसतो तेव्हा मी त्याला त्याचीच तक्रार परत वाचून दाखवतो. बस, एवढंच.

आणि आपण मराठवाड्याचे लोक तर दोनदा हसू झालेले. "काय करूलालास?" असं पुण्यात बोलून बघा. समोरचा आधी हसतो, मग उत्तर देतो. नांदेडचा हिंदू पोरगा तिथं पहिल्या महिन्यात बोली बदलतो. नांदेडचा मुसलमान पोरगा मराठीही बदलतो आणि दखनीही लपवतो.

ज्या बोलीवर हसतात ती कुणाची?

त्या अब्दुलची बोली ऐकून लोक हसले. ती बोली आपली दखनी. 'नक्को' आपण म्हणतो, तो मराठीचा 'नको'च आहे. 'वहीच', 'अभीच', 'मेराच' यातला शेवटचा 'च' उर्दूनं दिलेला नाही, तो मराठीतून आला. शेजारच्या अंगणात शतकानुशतकं राहिल्यावर असंच होतं. म्हणजे स्टेजवर ज्या बोलीची टर उडवली तिच्यात हॉलमधल्या प्रत्येकाची मायबोली मिसळलेली होती. कुणाला ठाऊकच नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

सिनेमात ही बोली हसण्यासाठी आणली ती मेहमूदनं. 'गुमनाम' (१९६५) मधला त्याचा खानसामा आठवा. लोकांनी डोक्यावर घेतला. तीन वर्षांनी 'पडोसन' (१९६८) मध्ये तोच मेहमूद मद्रासी गाणं-मास्तर झाला आणि सगळा उत्तर हिंदुस्थान तमिळ माणसावर हसला. मेहमूद मोठा नट होता, यात शंका नाही. पण बघा, ज्याची बोली हसू झाली त्याच्याच हाती माईक आला, की तो पुढच्याचं हसू करतो. ही साखळी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

'रझाकार' हा शब्द

आपल्या भागात आणखी एक विनोद चालतो, तो बाकीच्या महाराष्ट्राला कदाचित कळणार नाही. कट्ट्यावर आपण पोचलो की एखादा ओरडतो, "आला बघा रझाकार!" भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी त्यात भर पडते, "आज तुमची मॅच ना?" सगळे हसतात. आपणही हसतो, कारण नाही हसलो तर आपल्याला काहीतरी लपवायचंय असं दिसतं.

रझाकारांनी अत्याचार केले, हे खरं आहे. त्यांचा नेता कासिम रझवी आपल्या लातूरलाच वकिली करत होता, हेही खरं आहे. ते नाकारणारा मुसलमान स्वतःशीच खोटं बोलतो. पण त्याच रझाकारांना विरोध करणाऱ्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांची हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, हे कट्ट्यावरच्या कितीजणांना माहीत आहे? आणि पोलीस कारवाईनंतर काय झालं ते पाहायला नेहरू सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होतं, उस्मानाबाद होतं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं.

म्हणजे 'रझाकार' या एका शब्दाखाली दोन्ही बाजूंच्या कबरी आहेत. ज्यांच्या आजोबांना रझाकारांनी छळलं त्यांचं दुःख आहे, आणि ज्यांच्या घरातल्या पुरुषांना सप्टेंबरनंतर परत येता आलं नाही त्यांचंही आहे. विनोद काय करतो? दोन्ही दुःखांवर माती टाकतो आणि वर माझ्यासारख्या अठरा वर्षांच्या पोराला उभं करतो, जो १७ सप्टेंबरला शाळेत झेंड्याला सलाम करत मोठा झाला.

हसत हसत नकार

आता किमतीची गोष्ट. पहिल्या वर्षी नीटमध्ये मार्क कमी पडले. रिपीटर झालो आणि लातूरलाच नवीन खोली शोधायला लागलो. एका घरमालक काकांनी खोली दाखवली, भाडं सांगितलं, मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर ते हसले. म्हणाले, "अरे बाबा, आमच्याकडं मटणबिटण चालत नाही बरं का. आणि रात्री काही फुटायबिटायला नको!" स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. बाजूला उभा असलेला माझा मित्र हसला. मीही हसलो. मग ते म्हणाले, "बघतो, कळवतो." कळवलं नाही.

या प्रसंगाची तक्रार कुठं करणार होतो? त्यांनी मला शिवी दिली नाही. नाही म्हणालेसुद्धा नाहीत. फक्त एक मस्करी केली. नकार त्या मस्करीतच गुंडाळलेला होता. उघड नकाराला निदान उत्तर तरी देता येतं. विनोदातून दिलेल्या नकाराला उत्तर दिलं की तुम्हीच वाईट: "याला विनोद कळत नाही."

माझी बहीण नांदेडला कॉलेजात आहे. तिला वर्गात भांडण झालं की कुणीतरी तीनदा 'तलाक' म्हणून दाखवतं. सगळे हसतात. ती म्हणते, पहिल्यांदा राग आला, दहाव्यांदा कंटाळा आला. आता ती वर्गात वादच घालत नाही. ही किंमत. कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवायची?

आणि तो पंक्चरवाला अब्दुल आता सोशल मीडियावर रोज दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले, की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलचे पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. त्यात कळवळा होता की टोमणा, यावर देशभर वाद झाला. मला त्या दिवशी अब्बांचे हात आठवले, बोटांच्या पेरांत सोल्युशनचे काळे डाग असलेले. सच्चर समितीनं २००६ मध्येच सांगितलं होतं की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांत ते मागे आहेत. नोकरी मिळत नाही म्हणून माणूस पंप घेऊन रस्त्याच्या कडेला बसतो, आणि तिथं बसला म्हणून त्याच्यावर हसायचं.

पण थांबा. पंक्चर काढणं हसण्यासारखं का वाटतं? हातानं काम करणाऱ्याला हलकं समजण्याची या देशाची जुनी सवय आहे म्हणून. आणि ती सवय मलाही होतीच. नाहीतर मी 'ऑटोमोबाईलचं दुकान' का म्हणालो असतो?

आधी आपलं घर

मित्रमैत्रिणींनो, इथवर वाचून मान डोलावली असेल तर आता पुढचंही ऐकून घ्या.

नांदेड हे तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचं शहर. गुरु गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथंच गेले. शाळेत माझ्या बाकावर सरदार मित्र होता. दुपारचे बारा वाजले की आम्ही सगळे त्याच्याकडं बघून हसायचो. तोही हसायचा, जरा जास्तच मोठ्यानं. त्याचं ते हसू मला लातूरच्या हॉलमध्ये आठवलं. तेच हसू तेव्हा माझ्या तोंडावर होतं.

संता-बंताच्या विनोदांवर बंदी घाला म्हणून शीख वकिलांनी आणि संस्थांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केले, तेव्हा आपल्या मोहल्ल्यात लोक म्हणाले, "सरदार लोगां भी ना, मजाक भी नै समझते." म्हणजे त्यांना जे सांगितलं तेच आपल्याला कुणी सांगितलं की आपल्याला झोंबतं.

मुनव्वर फारुकीचं उदाहरण बघा. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये त्याला अटक झाली. त्या कार्यक्रमात त्यानं न केलेल्या विनोदांसाठी. महिनाभराहून जास्त तो तुरुंगात राहिला. शेवटी ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन दिला. आपण सगळे त्याच्या बाजूनं उभे होतो, आणि ते योग्यच होतं. पण त्याच मुनव्वरनं पुढं एका कार्यक्रमात कोकणी माणसांना सरसकट लोकांना फसवणारे ठरवलं, शिवीसकट. धमक्या आल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यानं माफी मागितली. धमक्या चूकच. पण विनोदही फुसका होता. ज्याच्यावर एका साच्यामुळं तुरुंगात जायची पाळी आली त्यानंच दुसऱ्यावर साचा टाकला. मेहमूदची साखळी ती हीच.

आणि 'कोकणी' म्हटल्यावर कोण? त्यात कोकणी मुसलमानही आले. आपण दखनी लोक त्यांच्यावर हसतो, ते आपल्यावर. बिहारी मजूर मशिदीत आला की त्याच्या बोलण्याची नक्कल आपलीच पोरं करतात. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या लग्नघरांतले विनोद. पिंजारी, फकीर, छप्परबंद, कसाई, तांबोळी ही नावं आपल्याकडं कामाची नावं म्हणून घेतली जातात की शिवी म्हणून? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ याच मराठवाड्यातून उभी केली, ती उगाच नाही. इस्लाममध्ये जात नाही असं व्यासपीठावर म्हणायचं आणि जेवणाच्या पंगतीत जातीवर हसायचं, हे आपण रोज करतो. अब्दुलवर हसणाऱ्या हॉलला बोलायचा हक्क आपल्याला तेव्हाच मिळेल जेव्हा आपण पंगतीतलं हसू बंद करू.

गुन्हा नोंदवून काय होईल?

काहीजण म्हणतील, मग बंदीच घाला. सरदार विनोदांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की नागरिकांनी नैतिकदृष्ट्या कसं वागावं याची नियमावली कोर्ट घालून देऊ शकत नाही. अनेकांना वाईट वाटलं. मला वाटतं कोर्ट बरोबर होतं. कारण विनोदावरचा कायदा एकदा हातात आला की तो कुणाविरुद्ध वापरला जातो, हे इंदूरनं दाखवून दिलं. मार्च २०२५ मध्ये मुंबईत कुणाल कामराच्या विनोदावरून ज्या स्टुडिओत तो बोलला होता तिथंच मोडतोड झाली. ज्यांची सत्ता, त्यांच्या भावना लवकर दुखतात आणि त्यांची तक्रार लवकर नोंदवली जाते. आपल्यासारख्यांनी बंदीची मागणी करणं म्हणजे स्वतःला मारायची काठी स्वतःच तासून देणं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट अगदी साधी. हसू नका. खोटं हसू नका. मी दोन वर्षं हसलो. ते हसणं त्यांच्यासाठी परवानगी होती. कुणी 'रझाकार' म्हणालं की शांतपणे विचारा, "समजलं नाही. यात हसण्यासारखं काय आहे, सांग ना." विनोद समजावून सांगावा लागला की त्याच्या आत काय आहे ते सांगणाऱ्यालाच दिसतं. मी हे करून पाहिलंय. दहापैकी सात जण गप्प होतात, दोघे माफी मागतात, एक चिडतो. चिडणाऱ्याला चिडू द्या.

दुसरी गोष्ट अवघड. आपले विनोद आपण लिहायचे. आपल्याकडं हे नवीन नाही. गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीबांनी त्याच दखनीत, जिच्यावर हॉल हसतो, गरिबाच्या घरातलं दुःख सांगत मुशायरे हसवले आणि रडवले. १९६२ पासून 'जिंदादिलान-ए-हैदराबाद'नं विनोदाला चळवळ बनवलं, १९६८ पासून 'शगूफा' मासिक निघालं. गुलबर्गा जिल्ह्यात जन्मलेले मुज्तबा हुसेन आयुष्यभर विनोद लिहून २००७ मध्ये पद्मश्री झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये देशातलं वातावरण बघून तीच पद्मश्री परत करतो म्हणाले. हसवणाऱ्या माणसाला कधी हसायचं नाही, तेही कळत होतं.

बाहेर बघायचं तर इंग्लंडमध्ये १९७७ साली 'माइंड युवर लँग्वेज' ही मालिका आली. परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग, आणि प्रत्येक जण आपापल्या देशाचा ठोकळा. त्यात पाकिस्तानी अलीही होता. वीसेक वर्षांनी तिथल्याच देशी पोरांनी बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' केलं. त्यात हिंदुस्थानी मित्रांची टोळी इंग्रजी हॉटेलात जाऊन गोंधळ घालते, इंग्रज जसे आपल्या करी हाउसमध्ये घालतात तसाच.  आरसा फिरवला.

आपल्याकडं माल काय कमी आहे? "तुम्ही मुस्लिम वाटतच नाही हो!" असं कौतुक करणारे काका. "किती छान मराठी बोलता!" म्हणणाऱ्या बाई, ज्यांच्यापेक्षा माझ्या आजीची मराठी चांगली आहे. शिरखुर्म्याला घरी बोलव म्हणून मागं लागणारा आणि खोली देताना गायब होणारा मित्र. आणि आपलेही काही कमी नाहीत: मशिदीच्या चंद्याची पावती हरवणारे सद्र साहेब, मुलीच्या शिक्षणावर तकरीर करून स्वतःच्या मुलीचं लग्न बारावीआधी उरकणारे खालूजान. लिहा. मराठीत लिहा, दखनीत लिहा, दोन्ही मिसळून लिहा. मराठीत यासाठी, की हसणारा हॉल मराठी आहे आणि आपणही मराठीच आहोत.

मागच्या सुट्टीत मी अब्बांना ते नाटुकलं सांगितलं. सगळं सांगितलं, ऑटोमोबाईलचं दुकानसुद्धा. ते टायर पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "हसने दे उनकू. उनकी गाडी भी आतीच ना इधर."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पर तू कैकू हसा?"

याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन आहे. मी एक नाटुकलं लिहिलंय. त्यात पंक्चरवाला आहे. त्याला नाव आहे, बायको आहे, उधारी आहे, एक शहाणा समजणारा मुलगा आहे. सगळ्यात जास्त हसू त्या मुलाचंच होणार आहे.

तुम्हीही तुमच्या कॉलेजात नाव द्या. यादी लागायच्या आत.